आवाज बंद झाला तेव्हा

रोपवाटिकावाल्यांच्या घरात एक रीतच पडून गेली होती. जे तोंडावर बोलायचं नाही, ते गाडी चालू असताना पुटपुटायचं. त्यांची डिझेल जीप अशी घरघरायची की शेजारच्याचं शेजारच्याला कळू नये. आई होती तेव्हा सासूबद्दलचं सगळं ती मागच्या सीटवर बसून जीपलाच सांगायची आणि घरी पोचली की हसतमुखाने चहा टाकायची. लेकही तिचंच बघून शिकली. परीक्षेची भीती, पहिलं प्रेम, त्याचा लागलेला निकाल, सगळं त्या घरघरीत जिरलं. बाबांच्या कानावर कधी काही गेलं नाही.

आता जीप थकली होती, आणि बाबांचा गुडघा तिच्याहून जास्त. गल्लीत तर हायब्रिड एसयूव्हीची साथच आली होती. आधी दातांच्या डॉक्टरांनी घेतली, मग शिंपीणबाईंनी, मग कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी न जाणाऱ्या निवृत्त मास्तरांनी. उंचावर बसायला मिळतं, पेट्रोल बेताचं लागतं, क्लच दाबायला नको! लेकीने बाबांच्या मागे लकडाच लावला. ती पूल बांधणारी इंजिनिअर. परदेशात काम मिळालं होतं, आणि बाबांची सोय लावल्याशिवाय तिचा पाय घरातून निघत नव्हता.

बाबा प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर देत होते. नवी गाडी घेऊ या? चालेल. मी जाऊ ना? चालेल. पहिल्या ‘चालेल’चा तिला आनंद झाला. दुसऱ्याने मात्र तिच्या काळजाला घरं पडली. आपण गेलो काय, राहिलो काय, या माणसाला सारखंच, असं तिच्या मनाने घेतलं.

आज गाडी चालवून बघायची होती. बाबा स्टिअरिंगवर, शोरूमचा सेल्समन त्यांच्या शेजारी आणि ती मागे.

“काका, कधी इंजिन, कधी बॅटरी, ते गाडी आपलं आपण ठरवते. तुम्हाला काही विचारत नाही.”

“घरची सवय आहे मला,” बाबा म्हणाले.

गावाबाहेरच्या चढावर इंजिन मंद घुमत होतं. उतरतं ऊन झाडांमधून तिच्या मांडीवर येत होतं, जात होतं. तिने काचेला डोकं टेकवलं, डोळे मिटले. झोप नव्हती, जागही नव्हती. पायाशी ओल्या मातीचा वास, शेजारी आई, असंच काहीसं वाटत राहिलं. आणि जुन्या सवयीने ती पुटपुटली, “एकदा तरी ‘नको जाऊ’ म्हणा ना, बाबा. चालेल काय, चालेल!”

चढ नेमका तेव्हाच संपला होता. इंजिन बंद झालं होतं आणि गाडी उतारावरून पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी निघाली होती. तिचं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

बाबांनी गाडी हळूच कडेला घेतली.

“मी जरा टायर बघतो,” म्हणत सेल्समन उतरला. शहाणा होता बिचारा. चारही टायर बघून झाले तरी आत आला नाही.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. “मी रोज म्हणतोय,” ते म्हणाले. “तुझं नोकरीचं पत्र आलं तेव्हापासून. जीपमध्ये, तू शेजारी बसलेली असताना.”

“मला नाही ऐकू आलं, बाबा.”

“येऊ नये म्हणूनच तिथे म्हणत होतो. बाप अडवतोय म्हणून थांबली असतीस तर?”

तिला हुंदका आवरेना. तिने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “नाही थांबणार मी. पण आत्ता म्हणा. मला ऐकायचंय.”

“नको जाऊस गं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला, तो तसाच फाटू दिला त्यांनी. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. “म्हटलं. आता जा.”