खोकल्यानंतरची हाक

जालन्याचे पुढारी अण्णासाहेब वारल्यावर त्यांचा चिटणीस धर्मराज टेपचं यंत्र घेऊन त्यांच्या बायकोकडे, पुष्पाबाईंकडे आला. बैठकीतल्या लोडामागं मायक्रोफोन लपवून त्यानं अण्णांची बोलणी गुपचूप टेप करून ठेवली होती. आता ती इतिहासासाठी मुंबईला जायची होती.

पुष्पाबाईंना राजकारणाशी काय देणंघेणं! त्या एका हाकेसाठी बसल्या होत्या. चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून अण्णा लेकाच्या नावानं हाक मारायचे, "बद्री, पाणी आण गं!" बद्री रझाकारांच्या धामधुमीत मारला गेला, तरी अण्णांनी हाक बदलली नाही.

टेपवर अण्णा खोकले. पुष्पाबाई सवयीनं तांब्या घेऊन उठल्या. पण पुढं एकदम निवडणुकीचंच बोलणं सुरू झालं.

"हाक कुठं गेली रे?"

"घरातलं बोलणं कात्रीनं कापून जाळलं, काकू. इतिहासात त्याचं काय काम?"

"मुडद्या, माझं लेकरू तर कव्हाच गेल्तं," तांब्या तसाच हातात धरून पुष्पाबाई म्हणाल्या, "त्यांच्या तोंडात तेवढं जित्तं होतं. तेबी जाळून आलास?"