पाटीवर न उतरलेलं नाव

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी एक कड उडाली आहे आणि चौकटीचा कोपरा सुतळीने बांधलेला आहे. मित्रांनो, खाणीतून निघून, तासून-घासून मी मुलुंडच्या दुकानात आले, तेव्हा भलत्याच तोऱ्यात होते. वसुधाबाईंच्या मुलाने माझ्यावर मुळाक्षरे गिरवली. मग तो मोठा झाला आणि मी माळ्यावर पडले.

तिथून बाईंनीच मला काढले. नाहूरच्या एका चाळीत त्या दुपारी बायकांना फुकट लिहायला शिकवत. मी द्रौपदीच्या वाट्याला आले. द्रौपदी मालवणकडची, पन्नाशीला टेकलेली. ब्याऐंशीच्या संपात नवऱ्याची गिरणी सुटली होती आणि तो बांधकामावर मिळेल ते काम करत होता. तिचा हात जड, पेन्सिली मोडायची. पण मला पुसायची मात्र ओल्या फडक्याने, हळुवार. थुंकी लावून पुसणाऱ्या त्या पोरानंतर मला ते फार सुखाचे वाटले.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाई, माका आधी त्येंचा नाव शिकवा. तोंडान घेवचा नसता, हातान तरी लिवतलंय."

नवऱ्याचे नाव उच्चारले की त्याचे आयुष्य कमी होते, असे तिला लहानपणापासून सांगितलेले. बाई हसल्या. "आधी स्वतःचं नाव, द्रौपदी. त्यांचं कशाला गं? ते येईल मागाहून."

बाईंचा हेतू चांगलाच होता. माझ्यावर रोज 'द्रौपदी' उमटू लागले.

एका दुपारी बाई यायच्या आधीच निरोप आला. घाटकोपरला नवऱ्याच्या कामावरची परांची कोसळली होती, जखमींना इस्पितळात नेले होते. द्रौपदी मला काखेत धरून तशीच धावली.

खिडकीतल्या माणसाने विचारले, "पेशंटचं नाव?"

"आमचे मालक."

"नाव सांग ना, बाई. आत बरेच आणलेत."

आज तर ते नाव घेणे तिला शक्यच नव्हते. तिने मला फळीवर ठेवले आणि जे येत होते तेच लिहिले.

"हे तर तुझं नाव असेल. त्याचं काय?"

मागून लोक ढकलू लागले. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. हवे होते ते एक नाव माझ्या अंगावर कधी आलेच नव्हते. शेवटी द्रौपदीने डोळे मिटले आणि म्हटले, "गुणाजी."

तिला आत सोडले. गुणाजीने तिला ओळखले, तिचा हात धरला. दिवेलागणीला तो गेला.

तेराव्यानंतर बाई तिच्या घरी आल्या. "मी नाव घेतलंय म्हणान ते गेले," एवढेच द्रौपदी बोलली. बाईंनी पुष्कळ समजावले. मला वाचा असती तर मीही सांगितले असते, अगं, नाव घेतलेस म्हणून तर भेट झाली. पण पाटीचे कोण ऐकतो? तिने मला पुसले आणि बाईंच्या हाती परत दिले. पुन्हा ती वर्गाला आली नाही.

आता नवी कुणी शिकायला आली की वसुधाबाई मला तिच्या मांडीवर ठेवतात आणि विचारतात, "आधी कुणाचं नाव लिहायचंय?" मित्रांनो, आम्हा पाट्यांना जपा, आपटू नका. पण कुणाला शिकवायला बसलात, तर आधी एवढे विचारा. द्रौपदीने तर न विचारताच सांगितले होते.