सालियाच्या झाडासाठी पलीकडचं स्थळ

किनाबातांगान नदीच्या काठी आमच्या घरामागे जंगलाचा एक तुकडा उरला आहे. बाकी चहूकडे तेलाच्या पामच्या बागा. त्या तुकड्यात कापराचं एकच मोठं झाड आहे. माझी बायको सालिया रोपवाटिकेतलं काम आटोपलं की त्याच्याखाली बसायची. ती गेली आणि त्याच वर्षी, कितीतरी वर्षांनी, ते झाड फळांनी लगडलं. पंख असलेली फळं गरगरत थेट आमच्या पायरीवर यायला लागली. मला वाटलं, तिनंच पाठवली. दुःखात माणसाला काहीही वाटतं. मला तर एरवीही वाटतं.

नदीकाठी जंगलाच्या दोन तुकड्यांमध्ये एक उघडा पट्टा आहे. तो झाडांनी भरून काढायचं काम सालियाच्या हातून अर्धं राहिलं होतं. ते पुरं करीन, असं मी तिच्या कबरीपाशी कबूल करून बसलो होतो. तिची पद्धत अशी, की एका झाडाखालून एकच टोपली बी घ्यायचं, मग होडीनं दुसऱ्या तुकड्यात, दुसऱ्या झाडाखाली जायचं. प्रत्येक झाडाच्या रोपांना वेगळ्या रंगाचा दोरा. मी हसायचो. "दारात झाड उभं आहे आणि ही बाई मगरींमधून होडी हाकतेय!"

आता मी सगळी रोपवाटिका घरामागच्या त्या एकाच झाडाच्या बियांनी भरून टाकली. तिच्या होडीत पाय टाकवत नव्हता, हे एक कारण. वल्ही मारायचा कंटाळा, हे दुसरं. लोकांना मी पहिलंच सांगायचो.

रोपं आली ती पिवळी आणि वाकडी. निम्म्यांनी तर माना टाकल्या. माझी मेहुणी नोरिजा बघायला आली.

"दाजी, सगळ्यांना लालच दोरा?"

"तुझ्या ताईचं झाड आहे."

"म्हणून सगळीकडे तेच? एकटं उभं आहे ते. दुसऱ्या कापराचा पराग यायचा कुठून, पामच्या बागेतून? त्यानं स्वतःशीच लगीन लावलंय. पोरं अशीच व्हायची."

"काही जगतील की."

"जगली तरी सगळी सख्खी भावंडं. पुढं त्यांनी आपापसातच संसार थाटायचा? एक रोग आला की सगळी एकदम आडवी. ताईला कळलं तर कबरीतून उठून येईल."

"येऊ दे ना," मी म्हणालो.

 नोरिजा पदराला हात पुसल्यासारखे कमरेला गुंडाळलेल्या सारोंगला पुसत म्हणाली, "होडी काढा. पलीकडच्या झाडांखाली रोपं अजून असतील. सावलीत टिकतात ती."

होडी काढली. सालियाच्या फळीवर बसवेना, म्हणून मी उभ्यानं वल्हवायला गेलो आणि काठावरच चिखलात पडलो. नोरिजा पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी मीही हसलो. मग मुकाट्यानं त्याच फळीवर बसलो.

एकेका तुकड्यातून आम्ही मातीसकट रोपं आणली. दोरे संपले तेव्हा नोरिजानं माझ्या चांगल्या सारोंगची किनार फाडली. पट्टा भरला.

एक रोप मी मागे ठेवलं होतं. ते सालियाच्या झाडाजवळ लावलं.

"पलीकडचा आहे," मी झाडाला सांगितलं. "घराणं ठाऊक नाही, पण सरळ वाढतोय."

"दाजी, त्याला फुलं येईपर्यंत तुमचा नातू म्हातारा होईल."

"होऊ दे."

मला त्या रोपाचा जरा हेवाच वाटत होता. त्याला तिच्याशेजारून कुणी उठवणार नव्हतं.