कोकरांचं समीकरण

दारातल्या उन्हावर सावली पडण्याआधीच लोकरीचा मंद वास घरात यायचा आणि मी समजायचे, सुरेखा आली. फेब्रुवारीतच सोलापूरचं ऊन भिंतीला हात लावू देत नव्हतं. रविवारच्या त्या निःशब्द, पांढऱ्या दुपारी ती कुंभारीहून माझ्याकडे गणित शिकायला यायची, पदरानं मान पुसायची आणि वही उघडण्याआधी तिच्यावर क्षणभर तळहात ठेवायची.

चौतिसाव्या वर्षी दहावीचा फॉर्म भरलेली ही बाई शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात बटणं लावत असे. पास झाली तर कापड बेतायच्या टेबलावर तिला घेणार होते, नाहीतर ती जागा दुसरीला जाणार होती. गणितात ती एकदा गटांगळी खाऊन आली होती, म्हणून भीती तिच्या आधी येऊन पाटावर बसलेली असायची.

समीकरण मात्र तिला पहिल्याच दिवशी उमगलं. "हिकडचं काढलं की तिकडचंबी तितकंच काढायचं. न्हायतर भांडण व्हतंय की," ती म्हणाली आणि मी तीस वर्षं जे शिकवलं ते मलाच नव्यानं कळलं. तिची बरोबरची चिन्हं बटणपट्टीवरच्या बटणांसारखी एकाखाली एक यायची.

मग एका रविवारी मी गणित घातलं : कळपातल्या कोकरांच्या तिपटीत चार मिळवले तर पंचवीस होतात, कोकरं किती? तिनं चार वजा केले, 'तीन एक्स बरोबर एकवीस' लिहिलं आणि पेन्सिल थांबली.

"अगं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! लिही की."

"बाई, कोकरं मोजत न्हाईत," ती कुजबुजली. "आमी तोंडानं वळखतो. मोजली की कमी व्हत्यात. लगीन झाल्यावर एकदा मी मोठ्यांदा मोजली, आठ दिसांत तीन गेली. सासूबाई काय बोलल्या न्हाईत. नुसतं बगितलं."

मी हसले. आंबे समज, म्हटलं.

"आंबे समजून कोकरं जगत्यात व्हय?"

तिच्या ओठांवरचा रंग उतरला होता. माझं हसू मला लाजवून गेलं. पुढचे सगळे रविवार मी वह्या, आंबे, पेन्सिली एवढंच घातलं, पण परीक्षा जवळ येत गेली तशी तिची भीती मलाही लागली. कुणीतरी पेपरात कोकरं घालील आणि ही बाई एका ओळीसाठी अडेल, या धास्तीनं मला घास गोड लागेना.

ती पास झाली. आता ती कापड बेतते आणि भेटली की लाजून हसते. मला मात्र आठवते ती पेपराच्या दिवशीची, परीक्षा केंद्राच्या फाटकातून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं येणारी. तिचा फोन मी सांभाळत होते.

"आली व्हती बाई, कोकरं. लिवला आकडा," ती म्हणाली आणि माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. नवरा कळपामागं माळावर होता. घंटी वाजत राहिली.

"हायती का समदी? न्हाय, न्हाय, मोजू नगा! एकेकाचं तोंड बगून सांगा."

मग ती कानाला फोन लावून रणरणत्या उन्हात उभी राहिली. दूरवर एक माणूस एकेका तोंडाकडं बघत चालला असेल. मी, आयुष्यभर आकड्यांवर पोट भरलेली बाई, तिच्याबरोबर श्वास रोखून होते. पलीकडून "हायती समदी" आलं तशी ती फुटपाथवर मटकन बसली आणि रडू लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नकळत माझ्या माणसांची तोंडं मनात एकेक बघू लागले. गेल्या काही वर्षांत त्यातली किती नाहीशी झाली ते दिसत होतं, पण तो आकडा लिहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.