सात नंबरचा नमुना

बारा जणांचं रक्त, औषध एकच. चरबीच्या बारीक थेंबांत भरलेलं नवं औषध रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर घालायचं आणि किती मेल्या ते मोजायचं, हे मिनलचं काम. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत कोरीच राहते. अकरा जणांच्या पेशी निळ्याशार झाल्या. घोडं अडलं ते सात नंबरवर. तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा कोऱ्या.

सात नंबर म्हणजे लकडगंजात खानावळ चालवणाऱ्या यमुताई. रक्त देतानाच त्यांनी आपला नंबर पाठ करून टाकला होता. हे औषध आपल्याला लागू पडेल, या आशेवर दर मंगळवारी तपासणी झाली की त्या डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"नमुना बिघडला असेल, निकालातून गाळून टाक," प्रयोगशाळेचे प्रमुख विश्वनाथ सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण आलेख सरळ आलेला त्यांना फार आवडायचा. गाळलं की यमुताईंना काही सांगायलाही नको. मिनलने वहीतली सातवी ओळ खोडलीसुद्धा. तेवढ्यात डबा आलाच.

"काहून वं, तोंड उतरलं तुहं? माह्या पेशी मेल्या नाहीत वाटते?"

थाप मारणं सोपं होतं. मिनलने पेन खाली ठेवलं.

"नाही मेल्या, काकू. बाकी सगळ्यांच्या मेल्या."

यमुताई बाकावर बसल्या. आशा गेली, ते चेहऱ्यावर लपलं नाही. बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करून त्यांनी झाकण उघडलं. आत वांग्याचे काप होते.

"चाळीस वर्षं झाली, तळूनच राहिली मी. वावर एक, कढई एक. एक वांगं तेल पिऊन लोळागोळा होते, दुसरं थेंब आत घेत नाही. फेकतो का मंग त्याले? विस्तवावर भाजून भरीत करतो."

"म्हणजे, काकू?"

"म्हणजे माह्यासाठी विस्तव शोधा. अन् हे लिहून ठेव. माह्यासारखी दुसरी कोणी आली, तर तिचे दिवस या तेलात नका घालवू."

मिनलला स्वतःची लाज वाटली. डोळे पुसून तिने खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. सरांना काय सांगायचं ते तिचं ठरलं होतं. यमुताई तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या.

"माहं नाव नाही टाकलं?"

"नाव लिहीत नाहीत, काकू. नुसता नंबर."

"बरं," यमुताई म्हणाल्या. "मंग सात ठळक काढ."