कोपऱ्यावरून येणारी स्कूटर

शुक्रवार पेठेतल्या दुर्गाबाई तशा खमक्या. भाडेकरूनं नळाला हात लावला तरी विचारून लावावा, असा त्यांचा दंडक. त्र्याहत्तर साली नवरा गेला, पण त्याची स्कूटर विकायला काही त्यांचं मन धजेना. विमा आपल्या नावावर करून घेतला आणि वरच्या खोलीतल्या नंदूला बजावलं, "रोज संध्याकाळी दारातच पाच मिनिटं चालू करायची. इंजिन जाम व्हायला नको. पण चालवायची न्हाय."

नंदूनं आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी स्वारी निघाली की गल्लीबाहेर. कधी बायकोला मागं बसवून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत, कधी नुसतीच हवा खायला. परवा तर पठ्ठ्यानं पायाशी ज्वारीचं चुंगडं ठेवलं आणि निघाला गिरणीला. समोरून सिद्रामप्पा आले, दारोदार बेल-फुलं देणारे म्हातारे. नंदूनं पाय दाबला, पण ब्रेक गेला होता चुंगड्याखाली. सिद्रामप्पांचा पाय मोडला. ज्याचं पोट पायांवर, त्याचाच पाय.

आता विमा कंपनीचे साहेब ओसरीवर बसले होते. शेजारी दुर्गाबाईंचे दीर महिपती, आणि खांबाला टेकून नंदू.

साहेबांनी सरळ सांगितलं, "बाई, तुमच्या संमतीनं नेली असेल तर म्हाताऱ्यांची भरपाई कंपनी देईल. चोरून नेली असेल तर आमचा संबंध नाही, तुमचाही नाही. मग सगळं या पोराच्या डोक्यावर."

"चोरूनच नेली की," महिपती म्हणाले. त्यांनी तसा कागद लिहूनच आणला होता. "वहिनी, सही करा अन् मोकळ्या व्हा. संमती म्हटलं की कोर्टाची पायरी आली."

चोर म्हणून नाव होणार, नोकरी जाणार आणि म्हाताऱ्याला द्यायला हातात दमडी नाही, हे नंदूच्या तोंडावर दिसतच होतं.

कोर्टाचं दुर्गाबाईंना फार भय. त्यांनी पेन हातात घेतलं. कागदावर लिहिलेलं काही खोटं नव्हतं. "चालवायची न्हाय" असंच त्या बोलल्या होत्या. पण जिभेवर नसलं म्हणून खोटं पोटात नसतं का?

त्यांनी कागद बाजूला सारला. "भावजी, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"हा रोज गाडी नेतो ते. आत ऐकू यायचं की. जाताना मी कानाडोळा करायची. अन् परत येताना..." त्यांना लाज वाटली, पण आता बोलूनच टाकलं. "दारात चालू केलेली गाडी निराळी अन् कोपऱ्यावरून घराकडं येणारी निराळी. बारा वर्षं ह्यांची गाडी तशी यायची. तेवढं ऐकायला मिळावं म्हणून मी गप्प बसले, अन् त्यात त्या म्हाताऱ्याचा पाय मोडला."

महिपतींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

साहेब जरा घुटमळले. "पण बाई, तोंडानं तर तुम्ही नको म्हणाला होता. मग संमती दिली म्हणजे कशी? मला लिहावं लागतं."

"लिहा की. गाडी कोपऱ्यावर वळली की मी चहा ठेवायची. दोन कप. एक माझा, एक ह्यांचा." त्यांनी नंदूकडं पाहिलं. "ह्यांचा हा प्यायचा."

नंदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साहेबांनी लिहिलं, मालकिणीची संमती होती.