खिडकीतलं रीळ

बोटीत बसल्यापासून माझी नजर शिडाच्या तिसऱ्या शिवणीवरून हलली नव्हती.

शिडं शिवणं हा माझा धंदा. भावोजींचं हे शीड मीच गेल्या आठवड्यात दुरुस्त केलं. तिसऱ्या शिवणीचं हातभर काम उरलं आणि चांगला दोरा संपला. दुकान दहा मिनिटांवर. पण भावोजी दारात उभे राहून "झालं का मेहुणीबाई, की पुढच्या जन्मी येऊ?" करत होते. माझं डोकं सटकलं. वर्षभर खिडकीत ऊन खात पडलेलं रीळ उचललं आणि चढवलं मशीनवर. उन्हाने दोऱ्याचा जीव जातो, हे मला कुणी शिकवायला नको. शिवताना दोनदा तुटला, तरी रेटलं. त्याच तणतणीत, त्याच दोऱ्याने ताईच्या लाइफ जॅकेटचा उसवलेला पट्टाही शिवला आणि सगळा गठ्ठा त्यांच्या हातात कोंबला.

सोमवारी परत मागवून गुपचूप नीट करू, असं ठरवलं होतं. तर आज, रविवारी सकाळीच, दोघं दारात हजर. "चल, तुझ्याच शिडाखाली फिरवून आणतो!" नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मेली लाज! आले मुकाट्याने.

पहिला तास किनाऱ्याकिनाऱ्याने बरा गेला. दीपस्तंभ मागे पडला आणि वारा वाढला. बोट कलली. वारा आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होता, आणि तिथे काळ्या खडकांची रांग होती.

"घाबरलीस?" ताई हसत म्हणाली. तिला पोहता येत नाही, तरी ती मजेत होती. "अगं, तूच शिवलंयस ना?"

तेवढ्यात एक टाका सुटला. शिवणीत तांदळाएवढा उजेड दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

भावोजी खुशीत होते. "आता खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जाऊ."

सांगावं की नको? अजून चार टाके गेले.

"भावोजी, शीड उतरवा!"

"वेडी का तू? आत्ता उतरवलं तर थेट खडकांवर जाऊ."

"ते फाटणार आहे! मी कुजक्या दोऱ्याने शिवलंय. मला माहीत होतं."

त्यांनी वर बघितलं. नांगर सोडला, शीड खाली घेतलं आणि कापड माझ्या मांडीवर टाकलं. "शिव."

जाड सुई आणि दोरा माझ्या कमरेच्या पिशवीत कायम असतो. घाईत सुई दोनदा बोटात घुसली. नांगर तळावर घसरत होता. त्याचे हिसके बुडाखाली कळत होते. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे शिंतोडे तोंडावर यायला लागले. ताईने मला मागून कमरेला घट्ट धरलं होतं. तिला धरायला कुणी नव्हतं. देवा, हिला काही होऊ देऊ नकोस, एवढंच मी प्रत्येक टाक्याला म्हणत होते.

"झालं!"

शीड चढलं, वारा भरला. शिवण टिकली. खडक हळूहळू मागे गेले आणि मी तोंडात पदर कोंबून रडले.

धक्क्यावर उतरल्यावर भावोजींनी नेहमीसारखी थट्टा करायचा प्रयत्न केला. "वाचवलंस बाई शेवटी!" कुणी हसलं नाही.

ताई जॅकेट काढायला लागली. हात पट्ट्यापाशी आला आणि थांबला. पट्टा तिने बोटांत धरून नीट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"आणि हा?" तिने विचारलं.

मी विसरलेच होते.

तिने पट्टा धरून ओढला. जोरात नाही, सहज. तो तिच्या हातात आला.

तो तिने माझ्या हातात ठेवला आणि भावोजींचा हात धरून पायऱ्या चढून निघून गेली.